‘पॅरानॉइड’ ऐकावा कसा: ख्यालाच्या कानाने हेवी मेटल

ग्वाल्हेरात गाणे ऐकायची शिस्त अंगात मुरलेली असते. मुखडा कुठून उचलला, समेवर कसा आला, लय केव्हा वाढली हे पेटी शिकताना कळते, नाहीतर डिसेंबरात तानसेन समारोहाच्या मंडपात शाल गुंडाळून बसल्यावर कळते. पण त्याच कानांसमोर हेवी मेटल लावले की उत्तर ठरलेले: ‘हा काय गोंगाट!’ याचे कारण साधे आहे. कान सवयीने गायकाचा गळा शोधू लागतो, आणि या संगीतात मधली गादी गायकाची नसते. तिथे बसलेली असते रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी काही मात्रांची ठसठशीत ओळ. बंदिशीत मुखड्याचे जे स्थान, तेच इथे रिफचे. आधी रिफ धरायची, गायक शेवटी. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या, म्हणजे ऐकण्याच्या पाच बैठका, या क्रमावरच उभ्या आहेत.

कोणता अल्बम, कोणती प्रत

सुरुवातीला एकच अल्बम घ्या: ब्लॅक सबाथचा ‘पॅरानॉइड’. इंग्लंडमध्ये तो १८ सप्टेंबर १९७० ला आला, अमेरिकेत जानेवारी १९७१ मध्ये. बर्मिंगहॅमची चार पोरे: गिटारवर टोनी आयोमी, बासवर, म्हणजे खालच्या स्वरांच्या गिटारवर, गीझर बटलर, ड्रमवर बिल वॉर्ड, गायला ऑझी ऑस्बोर्न. निर्माता रॉजर बेन. हाच का? कारण यात लय संथ आहे, वाद्ये मोजकी आहेत आणि प्रत्येक वाद्य वेगळे ऐकू येते. पुढच्या काळातले वेगवान मेटल आधी लावले तर नवख्या कानाला सोळा मात्रांत काय काय झाले तेच कळत नाही. तराण्याने कोणी गाणे शिकायला बसत नाही.

गाणी आठ. तबकडीच्या पहिल्या बाजूला ‘वॉर पिग्ज’, ‘पॅरानॉइड’, ‘प्लॅनेट कॅरव्हॅन’, ‘आयर्न मॅन’. दुसऱ्या बाजूला ‘इलेक्ट्रिक फ्युनरल’, ‘हँड ऑफ डूम’, ‘रॅट सॅलड’, ‘फेअरीज वेअर बूट्स’. प्रत्येक बाजू साधारण २१ मिनिटांची, एकूण ४२. तुम्ही उघडलेल्या यादीत याहून जास्त गाणी दिसली तर ती नंतर जोडलेली आहेत, आठव्यानंतर थांबा. ‘लाइव्ह’ असे लिहिलेली प्रत, ‘सर्वोत्तम गाणी’ छापाचे संग्रह आणि दुसऱ्यांनी वाजवलेल्या आवृत्त्या आत्ता नकोत. पुन्हा मास्टर केलेली, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने जुळवलेली, प्रत चालेल, पण पाचही बैठकांना तीच ठेवा. दरवेळी प्रत बदलली तर फरक संगीतातला की मास्टरिंगचा, हे कळणार नाही.

अॅपमध्ये तीन गोष्टी तपासा. ‘शफल’ बंद. दोन गाणी एकमेकांत मिसळवणारा ‘क्रॉसफेड’ बंद. इक्वलायझर आणि ‘बास बूस्ट’ पूर्ण बंद. यातली तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. बास वाढवला की बटलरचा बास आणि वॉर्डचा मोठा ड्रम एकमेकांत कालवले जातात, आणि मग ‘नुसता धपधप आवाज’ अशी तक्रार सुरू होते.

खोली, आवाज आणि कूलर

फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकायचा असेल तर न ऐकलेला बरा. बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, गिटारची ८२ हर्ट्झची. फोनच्या इवल्याशा स्पीकरला हे स्वर झेपत नाहीत, उरतो तो वरचा खरखराट. साधा पण कान झाकणारा, तारेचा हेडफोन पुरेसा आहे. स्पीकर असतील तर दोघांत सहा-सात फूट अंतर ठेवा, स्वतः तेवढ्याच अंतरावर बसा म्हणजे समभुज त्रिकोण होतो, आणि स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर बास फुगवतो.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांत, चिटणिसांच्या गोठीसारख्या वस्त्यांत, खोल्या उंच, भिंती जाड, खाली फरशी. गळ्याला ही खोली छान गोलाई देते. डिस्टॉर्शनच्या, म्हणजे मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजाच्या, गिटारला मात्र ती मारक, कारण प्रत्येक प्रहाराचा पडसाद पुढच्या प्रहारावर बसतो. उपाय घरातच आहे: खाली सतरंजी, स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर दोरीला लटकवलेली एक जाड गोधडी. खोलीत मध्यभागी टाळी वाजवून पाहा. टाळीमागे झणझण ऐकू आली तर अजून एक गोधडी.

मे-जूनमध्ये कूलर चालू ठेवून ऐकू नका. कूलरच्या अखंड घोंघाटात अल्बममधल्या शांत जागा बुडतात, मग लोक त्यावर मात करायला आवाज वाढवतात, आणि मोठ्या जागा असह्य होतात. उन्हाळ्यात पहाटेची वेळ धरा, नाहीतर थंडीची वाट पाहा. थंडीत सोबत गजक चालेल, पण पहिल्या बाजूला नको. कुरकुर हेडफोनच्या आत फार मोठी ऐकू येते.

आवाज किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, ९० डेसिबल फक्त ४ तास. फोनवरच्या ध्वनिमापक अॅपने अंदाज घ्या आणि स्पीकरवर ७५ ते ८० च्या दरम्यान थांबा. हेवी मेटलचे वजन आवाजाच्या पातळीत असते हा गैरसमज आहे. ते कशात असते ते पुढे येतेच.

पहिली बैठक: ४२ मिनिटे, हात न लावता

शब्द वाचायचे नाहीत, फोन उलटा ठेवायचा. पहिली बाजू संपली की दोन मिनिटे थांबून दुसरी. तबकडीवर इथे उठून बाजू उलटावी लागे, आणि अल्बम तो विराम धरूनच रचलेला आहे. या बैठकीत एकच काम: कुठे लय बदलली तिथे कागदावर एक रेघ ओढा. गाण्याचे नाव, रेघ, बस. ‘वॉर पिग्ज’मध्येच तीन-चार रेघा पडतील. ‘पॅरानॉइड’मध्ये बहुधा एकही पडणार नाही.

क्रमाचा हिशोब पाहा. आठ मिनिटांच्या जड गाण्यानंतर पावणेतीन मिनिटांचे सुसाट गाणे, त्यानंतर जवळजवळ कुजबुजल्यासारखे ‘प्लॅनेट कॅरव्हॅन’, आणि त्या शांततेवर ‘आयर्न मॅन’चा पहिला ठोका. तो ठोका जड वाटतो तो आधीच्या साडेचार मिनिटांच्या शांततेमुळे. गाणी विस्कटून ऐकली की हे सगळे वाया जाते. ‘प्लॅनेट कॅरव्हॅन’मध्ये ऑझीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा थरथरतो, कारण तो फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला आहे. वॉर्ड ड्रम सोडून काँगा, म्हणजे हाताने वाजवायचे उंच ढोल, वाजवतो.

दुसरी बैठक: रिफ गुणगुणा

प्रत्येक गाण्याची मुख्य रिफ ‘ना ना’ करून म्हणता आली पाहिजे. गाणे लावा, रिफ दोनदा ऐका, थांबवा, म्हणा, पुन्हा लावून ताडा. एका गाण्यात रिफ एकापेक्षा जास्त असतात. नवी आली की तिला वेगळा क्रमांक द्या. ‘वॉर पिग्ज’ची सुरुवातीची डुलती चाल एक, हाय-हॅटच्या (ड्रमसंचातल्या झांजांच्या जोडीच्या) टिकटिकीतले दोन स्वरांचे प्रहार दोन, आणि पुढे याच रीतीने.

हे काम पेटीवर केले तर कान लवकर बसतो. ‘आयर्न मॅन’साठी सा पांढरी सात, म्हणजे सप्तकातली सातवी पांढरी पट्टी, धरा. भातखंडे लिपीत ओळ अशी:

सा ग॒ – ग॒ म म – ध॒ प ध॒ प ध॒ प – ग॒ ग॒ म म

सा मंद्र सप्तकातल्या पांढऱ्या सातवर, बाकीचे त्याच्या वर: कोमल गंधार पांढरी दोन, मध्यम पांढरी तीन, पंचम काळी तीन, कोमल धैवत पांढरी पाच. मधले ‘ध॒ प ध॒ प ध॒ प’ आजूबाजूच्या स्वरांच्या दुपटीने जातात. चूक इथेच होते. सगळे स्वर सारख्या लांबीचे वाजवले की रिफ शाळेच्या प्रार्थनेसारखी ऐकू येते. पहिला सा आणि पहिला ग॒ ओढून धरा, मग घाई आपोआप जागेवर पडते. आता ऑझीचे गाणे ऐका: त्याची चाल हीच ओळ आहे, गळा गिटारच्या मागून चालतो. आपल्याकडे पेटी गायकाच्या मागे जाते, इथे उलटे.

स्वर आसावरी थाटातले आहेत म्हणून राग शोधत बसू नका. वादी-संवादी, आरोह-अवरोहाचे नियम, बढत यांतले काही इथे नाही. रिफ फुलवायची नसते, ती तशीच्या तशी परत आणायची असते. ‘तेच तेच वाजवतात’ हा आक्षेप त्यामुळे चुकीच्या जागी जातो. बदल शोधायचा तो रिफच्या खाली आणि भोवती: ड्रमने ठेका बदलला का, बासने वाट सोडली का, दोन रिफांमधला जोड कसा घेतला.

आवाज फाटका का, आणि त्यात गोडी कुठे

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा जीव सरकवला की जवारी लागते: तार घोडीला घासत कंप पावते आणि एका स्वरातून स्वयंभू स्वरांचा झगमगाट निघतो. डिस्टॉर्शनचे गणित वेगळ्या वाटेने त्याच गावाला जाते. अॅम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त संकेत दिला की लहरीचे शेंडे छाटले जातात, आणि छाटलेल्या लहरीत वरचे नवे स्वरांश तयार होतात. स्वर लांब टिकतो, जाड होतो, आणि बोट तारेवर घासल्याचाही आवाज येतो.

अशा आवाजात सगळे स्वर एकत्र वाजवता येत नाहीत. डिस्टॉर्शन दोन स्वरांतून त्यांच्या फरकाचा तिसरा स्वरही काढते. सा ८२.४ हर्ट्झ आणि प १२३.५ घ्या: फरक ४१ च्या आसपास, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला सा. म्हणून सा-प ची जोडी, जिला ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात, डिस्टॉर्शनमध्ये अधिकच खोल लागते. त्यात शुद्ध गंधार घातला तर फरकाचा स्वर सा ला नीट जुळत नाही आणि खरखर माजते. या अल्बममधल्या जड रिफांत गंधार बहुतेक गैरहजर का असतो, त्याचे हे एक कारण. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला हे सा-प परके वाटायचे कारण नाही.

दुसरे कारण आयोमीच्या हातात आहे. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात उजवा. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून त्याच हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणे केली, वर चामडे चिकटवले, आणि दाबायला सोप्या म्हणून हलक्या तारा लावल्या. दोन-तीन तारांवर बसणारे आकार त्या बोटांना सोयीचे होते. ऐकताना लक्ष ठेवा: तो स्वर नुसता दाबून सोडत नाही, तार ओढून स्वर हलवतो. ‘आयर्न मॅन’च्या आरंभीचा तो खालून वर कण्हत येणारा स्वर म्हणजे ओढलेली तार. मींड ओळखणाऱ्याला हे सांगायची गरज नाही.

तिसरी बैठक: फक्त बास

ही सर्वांत अवघड आणि सर्वांत फळ देणारी. गिटारकडे कानाडोळा करून खालची ओळ धरा. सुरुवात ‘हँड ऑफ डूम’पासून करा. तिथे बास हळू, उघडा वाजू लागतो, म्हणून सापडतो. एकदा सापडला की मग ‘वॉर पिग्ज’वर परत या. बटलर रिफ गिटारबरोबर एकत्र वाजवतो, आणि मग ओळीच्या शेवटी दोन-चार स्वरांची पळवाट काढतो. सोलोसाठी गिटार वर निघून गेली की खालची जागा बास भरून काढतो. वजन म्हणतात ते इथे आहे: गिटार आणि बास एकाच ओळीवर, सप्तकाच्या अंतराने, संथ लयीत, आणि दोन प्रहारांमध्ये मोकळी जागा. यातले काहीही काढा, कितीही मोठ्याने वाजवा, जडपणा येत नाही.

बास सापडत नसेल तर आवाज फार कमी तर नाही ना ते पाहा. हळू आवाजात कानाला खालचे स्वर वरच्यांपेक्षा जास्त क्षीण लागतात.

चौथी बैठक: टाळी कुठे द्यायची

तबल्याच्या सवयीने हात एकवर पडतो. इथे जोर दोन आणि चारवर असतो, तिथे स्नेअर या छोट्या ड्रमचा कोरडा फटका पडतो. ‘पॅरानॉइड’ लावा, एक-दोन-तीन-चार मोजा आणि टाळी फक्त दोन व चारवर द्या. पहिल्या मिनिटात हात घसरून एकवर येईलच, तेव्हा थांबून पुन्हा धरा. हे अंगवळणी पडल्यावर मगच ‘वॉर पिग्ज’.

त्याची सुरुवात तिनातिनाच्या झोक्यावर आहे, दादऱ्यासारखी संथ डुलणारी, आणि त्यावर हवाई हल्ल्याचा भोंगा. गिरणीचा भोंगा ऐकत वाढलेल्यांना तो सूर ओळखीचा वाटेल. मग सगळे थांबते. उरते हाय-हॅटची टिकटिक आणि मध्येच दोन स्वरांचा प्रहार: सा पांढरी तीन धरला तर कोमल नी आणि सा. ठेका आता चारचा. टाळी चालू ठेवा आणि प्रहार किती मात्रांनी परत येतो ते स्वतः मोजा. मधल्या रिकाम्या मात्रांत वॉर्ड लय किती घट्ट धरतो ते कळेल. या गाण्याच्या शेवटी एक गंमत आहे. लय चढते, पण स्वरही चढतो. वादक कितीही द्रुत गेला तरी सा हलत नसतो. इथे हलतो, कारण स्टुडिओत टेपचाच वेग वाढवलेला आहे.

वॉर्डचा हात जॅझवर वळलेला. ‘फेअरीज वेअर बूट्स’मध्ये ठेका सरळ न चालता डुलतो, आणि हा डौल पुढच्या पुष्कळ मेटलवाल्यांनी गमावला. ‘रॅट सॅलड’ अडीच मिनिटांचे आहे, शब्द नाहीत, मध्ये ड्रमचा एकल. एकदा ऐका, पुढे चला.

पाचवी बैठक: शब्द

आता शब्द समोर ठेवा. ते मुख्यतः बटलरचे आहेत. मेटल म्हणजे सैतानाची पूजा या समजुतीला या अल्बममध्ये फारसा आधार नाही. ‘वॉर पिग्ज’ युद्ध पुकारणाऱ्या सेनापतींना आणि राजकारण्यांना चेटकिणींच्या पंगतीत बसवते, आणि शेवटी न्यायाच्या दिवशी त्यांनाच गुडघ्यावर आणते. ‘इलेक्ट्रिक फ्युनरल’ अणुयुद्धावर आहे. तिथे गिटारचा स्वर पायाने दाबायच्या ‘वा’ पेडलमुळे तोंड उघडत-मिटत बोलल्यासारखा होतो. ‘हँड ऑफ डूम’ व्हिएतनामहून हेरॉइनचे व्यसन घेऊन परतलेल्या सैनिकांवर आहे, आणि म्हणूनच त्यातला हळू-मोठा, हळू-मोठा असा खेळ नुसता परिणामासाठी नाही. अल्बमच्याच नावाच्या गाण्यात मनाची उदासी आहे, ‘पॅरानॉइड’ हा शब्द मात्र एकदाही नाही. हे गाणे जागा भरायला ऐनवेळी केलेले. त्याची स्वतंत्र छोटी तबकडी (सिंगल) गाजली, ब्रिटनच्या विक्री-यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेली, आणि ‘वॉर पिग्ज’ ठरलेले अल्बमचे नाव बदलले. कव्हर जुन्याच नावासाठी काढलेले होते, म्हणून त्यावर ढाल-तलवार घेतलेला माणूस आहे आणि नावाशी त्याचा काडीचा संबंध लागत नाही.

ऑझीचा गळा तालमीचा नाही, पल्ला मोठा नाही, आणि गमक-मुरकी शोधाल तर निराश व्हाल. बातमी ओरडून सांगणाऱ्याचा सरळ, किंचित घाबरलेला आवाज आहे तो, आणि या शब्दांना तोच शोभतो. कसलेल्या गळ्याने ‘हँड ऑफ डूम’ गायले असते तर ते नाटकी झाले असते.

वेळापत्रक आणि त्यानंतर

पाच बैठका सलग पाच दिवसांत उरकू नका. दोन-तीन दिवसांचे अंतर ठेवा, म्हणजे मधल्या वेळात कोणती रिफ आपोआप डोक्यात वाजते ते कळते. ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावरच्या बाजारात भाजी घेताना ‘आयर्न मॅन’ आठवला तर तिसरी बैठक लावायला हरकत नाही. काहीच आठवले नाही तर दुसरी पुन्हा.

पुढचा अल्बम १९७१ चा ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’. त्यात आयोमीने काही गाण्यांसाठी गिटार दीड स्वर खाली उतरवली, तारा सैल झाल्या आणि आवाज आणखी जाड झाला. पेटीवर सा शोधताना पांढरी तीनऐवजी काळी एकच्या आसपास हात न्या. मग बर्मिंगहॅमच्याच जुडास प्रीस्टचा १९७६ चा ‘सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी’, तिथे दोन गिटारी आणि खरोखर मोठ्या पल्ल्याचा गळा. आयर्न मेडनचा १९८२ चा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ आणि मेटॅलिकाचा १९८६ चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ त्यानंतर. या क्रमाने गेले तर वाढत्या वेगाची धास्ती वाटत नाही.

मागे जायचे असेल तर फेब्रुवारी १९७० चा पहिला अल्बम, ‘ब्लॅक सबाथ’. त्याच्या पहिल्याच गाण्यात पाऊस आणि घंटेनंतर रिफ येते ती तीन स्वरांची. सा पांढरी पाच धरा: सा, तार सा, आणि मधला तीव्र म. यमनात हाच तीव्र म पंचमाकडे झुकतो आणि गोड लागतो. इथे त्याला पंचमाचा आसरा न देता लोंबकळत ठेवला आहे. पेटीवर तिन्ही स्वर संथ वाजवा, तीव्र म वर भाता हलका करत थांबा, आणि पंचमाकडे जाणारे बोट आवरा.